तळघरातील बाटल्या आणि जनतेचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न समोर उभे असताना ब्रिटिश सरकारच्या वाइनच्या तळघराची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून समाजवादी चळवळीचा एक मोठा प्रवाह दारूबंदीच्या बाजूचा आहे. परंतु येथे प्रश्न दारूचा नाही, हिशेबाचा आहे. सरकार पाहुण्यांना काय पाजते यापेक्षा जे पाजते त्याची नोंद कोणाला पाहता येते, हा लोकशाहीच्या दृष्टीने अधिक मूलभूत प्रश्न होय. मोठ्या प्रश्नांवर सरकारे तत्त्वांची भाषा बोलतात. त्यांचा खरा स्वभाव मात्र लहान प्रश्नांवर उघडा पडतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लंडनमध्ये सेंट जेम्स भागात लँकेस्टर हाउस नावाची भव्य वास्तू आहे. साबणाच्या धंद्यात अपार पैसा मिळविलेले विल्यम लिव्हर यांनी 1912 मध्ये या वास्तूचा भाडेपट्टा विकत घेतला, पुढे ती राष्ट्राला अर्पण केली आणि आपल्या लँकेशायर परगण्यावरून तिला हे नाव दिले. याच लिव्हरसाहेबांचा सनलाइट साबण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या बाजारात आला होता, आणि त्याच सुमारास, 1911 मध्ये, त्यांच्या कंपनीने बेल्जियमच्या ताब्यातील काँगोत पामतेलासाठी प्रचंड जमिनीचे हक्क मिळविले होते. म्हणजे ज्या छताखाली ब्रिटिश सरकार पाहुणचार करते, त्या छतालाही वसाहतींच्या घामाचा वास आहे. झिंबाब्वेच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा करणारा 1979 चा करार याच वास्तूत झाला. तिच्या तळघरात ब्रिटिश सरकारचा वाइनचा साठा आहे. परकीय राष्ट्रप्रमुख, मंत्री, शिष्टमंडळे यांच्या सरबराईसाठी 1908 मध्ये जी शासकीय व्यवस्था उभारण्यात आली, तिच्या अखत्यारीत हा साठा येतो. खरेदीचा सल्ला देण्यासाठी एक समिती असते. तिच्यात वाइनच्या व्यवसायातील सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेले तज्ज्ञ असतात आणि अध्यक्षपदी सामान्यतः निवृत्त वरिष्ठ राजनैतिक अधिकारी असतो. ही मंडळी या कामाचे वेतन घेत नाहीत.

या व्यवस्थेचे समर्थन काय केले जाते, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. प्रतिपक्षाची बाजू समजून न घेता केलेली टीका ही आरोळी ठरते, युक्तिवाद ठरत नाही. उत्तम प्रतीची वाइन नवी असताना स्वस्त मिळते व मुरल्यावर महाग होते. तेव्हा ती कोवळी असताना घ्यावी, तळघरात दहा-वीस वर्षे ठेवावी आणि मुरल्यावर वापरावी, म्हणजे बाजारातून आयत्या वेळी महाग माल घ्यावा लागत नाही, असे समर्थक म्हणतात. सुगीत धान्य भरून ठेवणाऱ्या गृहिणीचा हा हिशेब आहे, आणि त्या मर्यादेत तो बरोबरही आहे.

परंतु अर्थशास्त्र एवढ्यावर थांबत नाही. वीस वर्षांपूर्वी दहा पौंडांना घेतलेल्या बाटलीला आज बाजारात पाचशे पौंड येत असतील, अशी कल्पना करा. ती आज मेजवानीत उघडली, तर राष्ट्राला किती खर्च आला? कारकुनाच्या वहीत दहा पौंड लिहिलेले असतील. पण त्या बाटलीचे पाचशे पौंड होऊ शकले असते, तेव्हा त्या संध्याकाळी राष्ट्राने पाचशे पौंड प्यायले. यालाच अर्थशास्त्रात संधि-परिव्यय म्हणतात. साठ्याचे मूल्य खरेदीच्या भावाने दाखवायचे की बाजारभावाने, हा तांत्रिक प्रश्न वाटतो. पण त्याच्या उत्तरावर पाहुणचार स्वस्त की महाग हे ठरते. आणि साठ्यात कोणती वाइन, कोणत्या सालची, किती बाटल्या, हे नागरिकाला कळल्याखेरीज हा हिशेब त्याला मांडताच येत नाही. माहितीचा हक्क हा असा अर्थशास्त्राचाही पाया आहे.

आता गुप्ततेकडे वळू. ब्रिटनमध्ये 1911 साली शासकीय गुपितांचा कायदा झाला. त्याचे दुसरे कलम इतके सैल होते की सरकारी नोकराला कामाच्या ओघात कळलेली कोणतीही माहिती परवानगीवाचून बाहेर सांगणे हा गुन्हा ठरू शके. सरकारी कचेरीत आठवड्याला किती कप चहा लागतो, हेसुद्धा या कायद्याने राष्ट्रीय गुपित ठरते, अशी थट्टा त्या देशात होत असे. फ्रँक्स समितीने 1972 मध्ये या कलमावर कठोर टीका केली. तरी ते जायला 1989 उजाडावे लागले. माहिती स्वातंत्र्याचा कायदा 2000 मध्ये संमत झाला आणि तो पूर्णपणे अमलात आला तो 1 जानेवारी 2005 रोजी. म्हणजे आधुनिक संसदीय लोकशाहीची जननी म्हणविणाऱ्या देशात नागरिकाला सरकारी कागद हक्काने मागता यायला एकविसावे शतक लागले.

या कायद्याने अर्जदाराला वीस कामकाजी दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क दिला. नकार आला तर खात्यातच फेरविचार, त्यानंतर माहिती आयुक्त, त्यानंतर न्यायाधिकरण असा मार्ग ठेवला. त्याचबरोबर अपवादांची यादीही ठेवली. त्यांपैकी दोन अपवाद या तळघराच्या दारावर पहारेकऱ्यासारखे उभे राहू शकतात. कलम 27 परराष्ट्रसंबंधांना बाध येईल अशी माहिती रोखू देते, आणि कलम 43 व्यापारी हितसंबंधांना बाध येईल अशी. दोन्ही अपवाद निरपवाद नाहीत. माहिती रोखण्यातील सार्वजनिक हित आणि ती देण्यातील सार्वजनिक हित तराजूत घालून पाहणे कायद्याने बंधनकारक आहे.

व्यापारी हिताचा युक्तिवाद आधी तपासू. सरकार कोणती वाइन कोणत्या भावाने घेते हे उघड झाले, तर विक्रेते भाव वाढवतील, असे म्हणता येईल. परंतु ज्या बाजारात लिलावाचे भाव प्रसिद्ध होतात आणि विक्रेत्यांच्या किंमतपत्रिका कोणालाही मिळतात, तेथे एका खरेदीदाराच्या जुन्या खरेदीची यादी गुप्त ठेवून काय साधते? चालू वाटाघाटी गुप्त ठेवणे समजू शकते. परंतु दहा वर्षांपूर्वीची खरेदी गुप्त ठेवल्याने सरकारी तिजोरी वाचत नाही, केवळ खरेदी करणाऱ्याची अब्रू वाचते.

दुसरा युक्तिवाद अधिक गमतीचा आहे. साठ्यातील वाइनला प्रतवारी असते. कोणत्या पाहुण्याला वरच्या प्रतीची आणि कोणाला खालच्या प्रतीची वाइन दिली हे कळले, तर दुय्यम वागणूक मिळालेला पाहुणा रुसेल व परराष्ट्रसंबंध बिघडतील, असे म्हणता येते. हा युक्तिवाद मान्य केला तर काय होईल, याचा विचार करा. जितकी वागणूक पक्षपाती, तितकी गुप्ततेची गरज मोठी! पंगतीत वाढप्याने मानाच्या पाटावर साजूक तूप आणि शेवटच्या ओळीत तेल वाढायचे, आणि कोणी विचारले तर पंगतीची शोभा जाईल म्हणून त्याचे तोंड बंद करायचे, असा हा न्याय आहे. अमुक पाहुण्याला काय दिले हे क्षणभर बाजूला ठेवले, तरी एकूण साठा, एकूण खरेदी, एकूण वापर व एकूण मूल्य सांगण्याने कोणत्या राष्ट्राशी युद्ध पेटणार आहे?

या दडपणामुळे काही दारे उघडली, हेही नमूद केले पाहिजे. मजूर पक्षाचे टॉम वॉटसन यांच्यासारख्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारले, नागरिकांनी व पत्रकारांनी अर्ज केले. त्यानंतर 2011 मध्ये सरकारने जाहीर केले की यापुढे हे तळघर स्वतःचा खर्च स्वतः भागवील. साठ्यातील काही अतिमौल्यवान बाटल्या विकून नव्या खरेदीचे पैसे उभे केले जातील, आणि वापराचा व खरेदीचा तपशील संसदेपुढे ठेवला जाईल. त्यानुसार निवेदने प्रसिद्ध होऊ लागली. हा लोकशाहीचा लहानसा विजय होय.

परंतु ‘स्वयंपूर्ण’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. जुना साठा विकून नवा खरेदी करणे हे उत्पन्न नव्हे, तो भांडवलाचा उपभोग आहे. बियाण्याची पोती विकून घरखर्च चालवणाऱ्या शेतकऱ्याला कोणी स्वयंपूर्ण म्हणत नाही. इतर खाती आपल्या मेजवान्यांसाठी जे पैसे या तळघराला देतात तेही करदात्याचेच. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्याने घराची मिळकत वाढत नाही. मात्र ही टीका आज कोणालाही करता येते ती आकडे प्रसिद्ध होतात म्हणूनच. प्रकटीकरणाने सरकार एका दिवसात सद्गुणी होत नाही, पण त्याची चलाखी पकडता येते.

या निर्णयाचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. ऑक्टोबर 2010 पासून ब्रिटनमध्ये सरकारी खर्चकपातीचे कठोर पर्व सुरू झाले होते. मार्च 2013 मध्ये तळघरातील काही दुर्मिळ बाटल्या क्रिस्टीज या प्रसिद्ध लिलावगृहात विकल्या गेल्या. आणि त्याच वर्षी 1 एप्रिलपासून, सामाजिक गृहयोजनेतील ज्या गरीब भाडेकरूंच्या घरात एक खोली जादा आहे असे सरकारला वाटले, त्यांच्या घरभाडे-साहाय्यात 14 टक्के, आणि दोन किंवा अधिक खोल्या जादा असतील तर 25 टक्के कपात झाली. लोकांनी तिला ‘बेडरूम टॅक्स’ असे नाव दिले. गरिबाच्या घरात खोल्या किती, माणसे किती, मुले एका खोलीत निजू शकतात की नाही, याची चौकशी करण्याचा अधिकार शासनाला आहे. मग शासनाच्या तळघरात बाटल्या किती, हे विचारण्याचा अधिकार त्या गरिबाला नको काय? साहाय्य घेणाऱ्याने प्रत्येक पै-पैचा पुरावा द्यायचा आणि साहाय्य कापणाऱ्याने प्रतिष्ठेच्या नावाखाली मौन पाळायचे, ही विषमता संपत्तीच्या विषमतेइतकीच घातक आहे. माहिती हीदेखील एक मालमत्ता आहे, आणि तिचीही जमीनदारी असते.

शेजारच्या फ्रान्सने त्याच सुमारास वेगळे उदाहरण घातले. एलिझे या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातील वाइनचे तळघर 1947 पासूनचे; तेव्हा समाजवादी नेते व्हँसाँ ओरिओल राष्ट्राध्यक्ष होते. पुढे समाजवादी पक्षाचेच फ्राँस्वा ओलाँद यांच्या कारकीर्दीत, मे 2013 मध्ये, त्यातील सुमारे 1,200 बाटल्या, म्हणजे साठ्याचा साधारण दहावा हिस्सा, जाहीर लिलावात विकण्यात आल्या आणि सात लाख युरोंहून अधिक रक्कम आली. तिच्यातून अधिक साध्या वाइनची खरेदी करून उरलेली रक्कम सरकारी अंदाजपत्रकात जमा करावी असे ठरले होते. ज्या देशात वाइन हा राष्ट्राभिमानाचा विषय आहे, तेथेही बाटल्यांची छापील यादी लोकांसमोर आल्याने प्रजासत्ताकाची शान गेली नाही.

या विषयाचा सर्वांत बोधप्रद धडा मात्र महामारीच्या काळाने दिला. 2020-21 मध्ये मेजवान्या बंद पडल्या आणि अधिकृत तळघराचा वापर जवळजवळ थांबला. ही गोष्ट नोंदीत स्पष्ट दिसते. पण त्याच काळात पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरील निवासात व लगतच्या कार्यालयांत, देशभर निर्बंध लागू असताना, मद्याच्या बैठका झडत होत्या. सामान्य माणसे मरणासन्न आईबापांना भेटू शकत नव्हती, तेव्हा राज्यकर्त्यांच्या कचेरीत पेले भरले जात होते. हे उघड झाले ते नोव्हेंबर 2021 नंतर, वृत्तपत्रांपर्यंत पोचलेल्या आतल्या बातम्यांमुळे. पोलिसांनी 126 दंड ठोठावले. त्यात एक पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना होता. स्यू ग्रे यांचा अहवाल मे 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाटल्यांची नोंद होती त्या निमूट राहिल्या. ज्यांची नोंद कोठेही नव्हती त्यांनी सरकार हादरवले. नोंद आणि प्रकटीकरण हाच सत्तेवरील खरा लगाम आहे, हे सिद्ध करायला आणखी कोणता पुरावा हवा?

त्याच देशातील खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरणही असेच. तेथील लोकसभागृहाने ही माहिती देऊ नये म्हणून न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि 2008 मध्ये ते हरले. तपशील 2009 मध्ये वृत्तपत्रात फुटला तेव्हा तळ्यातील बदकांच्या घरट्याचे 1,645 पौंडांचे बिल सादर करणारा खासदारही निघाला, आणि सभापती मायकेल मार्टिन यांना पायउतार व्हावे लागले. रकमा राष्ट्राच्या अंदाजपत्रकात नगण्य होत्या. परंतु विश्वासघात मोजण्याचे माप रुपये-पौंडांचे नसते.

मित्रहो, हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. ब्रिटिशांनी हिंदुस्थानला दिलेला 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा ब्रिटनच्या 1911 च्या कायद्याचाच वंशज आहे, आणि तो भारतात आजही अस्तित्वात आहे. या वारशाविरुद्धच्या लढ्यात समाजवाद्यांचा वाटा मोठा आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी 1963 मध्ये लोकसभेत पंतप्रधानांवर रोज होणारा पंचवीस हजार रुपयांचा खर्च आणि सत्तावीस कोटी भारतीयांची दररोजची तीन आण्यांची मिळकत समोरासमोर ठेवली. सरकारने तो आकडा पंधरा आणे आहे असे सांगितले. आकड्यावर वाद झाला. पण राज्यकर्त्यांच्या खर्चाची जनतेच्या मिळकतीशी तुलना करण्याचा हक्क त्या दिवशी संसदेत प्रस्थापित झाला. पुढे राजनारायण यांनी इंदिरा गांधींविरुद्धच्या निवडणूक याचिकेत पंतप्रधानांच्या दौऱ्यांसंबंधीच्या ‘ब्लू बुक’ची मागणी केली. त्या वादात 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, लोकसेवकांनी सार्वजनिकपणे केलेली प्रत्येक कृती जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, असे तत्त्व मांडले. ‘जाणण्याचा हक्क’ भारतीय कायद्यात रुजला तो असा, एका समाजवाद्याच्या हट्टापोटी.

त्या बीजाला पाणी घातले ते गरिबांनी. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने 1996 मध्ये ब्यावर येथे धरणे धरले, तेव्हा मागणी होती हजेरीपटांच्या व बिलांच्या नकलांची. गोव्याने 1997 मध्ये, महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 च्या कायद्याने आणि देशाने 12 ऑक्टोबर 2005 पासून हा हक्क मान्य केला. केंद्र सरकारच्या नियमांनुसार दहा रुपये शुल्क, अर्जाचे कारण सांगण्याची सक्ती नाही, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड. परराष्ट्रसंबंध व व्यापारी गुपिते हे अपवाद येथेही कलम 8 मध्ये आहेत, आणि सार्वजनिक हित वरचढ असेल तर माहिती द्यावी, हेही त्याच कलमात आहे. मुख्यमंत्री कार्यालयाच्या चहापानाचे आकडे 2018 मध्ये याच मार्गाने बाहेर आले व गाजले.

परंतु हा हक्क आज कुरतडला जात आहे. 2019 च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरविण्याची सत्ता केंद्र सरकारने आपल्या हाती घेतली. 2023 च्या व्यक्तिगत विदासंरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मधील व्यक्तिगत माहितीचा अपवाद रुंद केला, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे सुंदर वाक्य पुसून टाकले. आयोगांपुढे अपिले तुंबतात, माहिती मागणाऱ्यांवर हल्ले होतात, काहींनी प्राण गमावले आहेत. ज्या हक्कासाठी माणसे मरतात तो हक्क क्षुल्लक असू शकत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? माहिती अधिकाराचे कलम 4 वाचावे. मागितल्याशिवाय माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन त्यात आहे, आणि बहुतेक कार्यालये ते पाळत नाहीत. आपल्या पंचायत समितीने, नगरपालिकेने, साखर आयुक्तालयाने काय प्रसिद्ध करायला हवे होते आणि काय केले, याची यादी करावी. विश्रामगृहे, पाहुणचार, वाहने, जाहिराती यांवरील खर्च दर वर्षी त्याच महिन्यात विचारावा, म्हणजे तुलना करता येईल. उत्तर आले की ते कपाटात न ठेवता चावडीवर वाचून दाखवावे. आणि सत्तेवर आपला पक्ष असेल तेव्हाही हाच प्रश्न त्याच आवाजात विचारावा. विरोधात असताना उजेड मागणारे आणि सत्तेत गेल्यावर पडदे ओढणारे समाजवादी नव्हेत. ते केवळ रांगेत उभे असलेले राज्यकर्ते होत.

लँकेस्टर हाउसच्या तळघरातील वाइन किती मुरली याच्याशी या सभेतील कोणाला कर्तव्य नाही. कर्तव्य आहे ते त्या तळघराच्या किल्लीशी. ती किल्ली ज्यांच्या पैशाने कुलूप घडवले त्यांच्या हाती असली पाहिजे, मग ते कुलूप लंडनमध्ये असो, दिल्लीत असो की तालुक्याच्या कचेरीत.